आधी पाणी

डीएनएचे धागे गुंफून केलेला नॅनोकण द्रावणात नेमका कसा असतो, हे शोधणं माझं काम. संग्रामपूर तालुक्यातल्या खारपाणपट्ट्यात वाढल्यामुळे असेल, पण कणाआधी माझं लक्ष पाण्याकडे जातं.

२००६ साली पॉल रोथमंड यांनी एम१३ विषाणूचा ७,२४९ न्यूक्लिओटाइडांचा धागा दोनशेहून जास्त छोट्या धाग्यांनी दुमडून हसरा चेहरा घडवला. अभ्रकावर टेकवून घेतलेलं ते चित्र फार देखणं आहे. पण अभ्रकावर पोकळ कण चपटा होतो. पाण्यात तो फिरतो, वाकतो, सैल पडतो. म्हणून मी सॅक्सकडे, म्हणजे लहान कोनांतल्या क्ष-किरण विखुरणाच्या पद्धतीकडे वळले. केशनळीतल्या द्रावणातून क्ष-किरण सोडायचे आणि अगदी लहान कोनांत किती विखुरले ते मोजायचं.

खरी कसोटी वजाबाकीत असते. कण ज्या द्रावणात असतो, तो बफरही किरण विखुरतोच. तो वेगळा मोजून वजा करावा लागतो, आणि तो तंतोतंत तोच हवा. म्हणून डायलिसिसच्या पिशवीबाहेरचं पाणी मी ओतून देऊ देत नाही, बाटलीत जपून ठेवते. मग गिनिए आलेख. सुरुवातीचे बिंदू सरळ रेषेत आले तर उतारावरून कणाची घूर्णन त्रिज्या काढता येते. शून्य कोनाजवळ रेषा वर उचलली गेली, की कण एकमेकांना चिकटलेत. पुढचं गणित करण्यात अर्थ नाही.

डीएनएच्या पाठीवर फॉस्फेटचे ऋण भार असतात. शेजारी दाबून बसवलेले धागे एकमेकांना ढकलतात. दहा-बारा मिलिमोलर मॅग्नेशियम त्यांना धरून ठेवतं. त्याच कामाला सोडियम कितीतरी पट जास्त लागतं. आमच्या चोपण जमिनीत हेच घडतं. चिकणमातीचे कणही ऋणभारित. सोडियम त्यांना बांधत नाही, म्हणून पाऊस झाला की चिखल, उघडीप पडली की ढेकळं, आणि पाणी मुरतच नाही. बाबा जिप्सम टाकायचे ते त्यातल्या कॅल्शियमसाठी. दोन भारांचा आयन काय करू शकतो, हे मी पुस्तकाआधी वावरात पाहिलं.

रक्तात मॅग्नेशियम जेमतेम एक मिलिमोलर. त्यामुळे औषध वाहून नेणारा कण कुणी करत असेल, तर पहिली मोजणी रक्ताइतक्या क्षारांच्या पाण्यात घ्या, असा माझा आग्रह असतो. विखुरणाचा वक्र तिथे ढासळला, तर धाग्यांची रचना बदलायला अजून वेळ असतो.