घंटेचा पंचनामा

परवा दिवेलागणीनंतर आमच्या माजघरातून हसण्याचा असा कल्लोळ उठला की, ओसरीवर संध्या करीत बसलेल्या आमचे आचमन चुकले. आत जाऊन पाहतो तो लहानथोर सारी मंडळी पुतण्याच्या मोबाईलभोवती गोळा झालेली, धाकट्या सूनबाई पदर तोंडाशी धरून हसताहेत आणि आमच्या सौ. डोळे पुसताहेत. चौकशी करता कळले की, पोलिसांच्या फजितीच्या हकीकती एकामागून एक वाचणे आणि पाहणे चालले आहे.

हकीकती हसण्याजोग्या होत्या यात शंका नाही. २०१८ साली उत्तर प्रदेशातील संभल जिल्ह्यात गुन्हेगारांना घेरले असता ऐन वेळी पिस्तूल अडले, तेव्हा एका फौजदाराने तोंडानेच 'ठांय ठांय' असा आवाज काढून वेळ निभावून नेली. बिहारात २०१६ साली दारूबंदी झाली. ठाण्यांत जप्त करून ठेविलेली दारू कोठे गेली असे २०१७ साली विचारता उंदीर प्याले असे उत्तर मिळाले. २०२२ साली मथुरेच्या पोलिसांनी तर पाचशेहून अधिक किलो गांजा उंदरांनी फस्त केल्याचे न्यायालयास कळविले. गणेशवाहनाची भूक एवढी असेल हे आम्हांस या वयापर्यंत ठाऊक नव्हते! आणि फार दूर कशास जावे? आमच्या यवतमाळ जिल्ह्यास लागूनच असलेल्या अमरावती जिल्ह्यात, चांदूर बाजार येथील एका शिपायाने २०२१ साली गणवेश चढवून, हाती पिस्तूल घेऊन, सिनेमातल्या नायकाच्या थाटात संवाद म्हटला आणि त्याचे चलच्चित्र सर्वत्र फिरू दिले. वरिष्ठांस तो अभिनय रुचला नाही. नायक निलंबित झाला.

आम्हीही हसलो. वयाने हसू नये असे कोणत्या स्मृतीत सांगितले आहे?

रक्षकाची फजिती पाहून हसण्याची आपली रीत फार जुनी आहे. शूद्रकाच्या मृच्छकटिकात गाडी तपासावयास आलेले वीरक आणि चंदनक हे दोघे अंमलदार तपास बाजूस ठेवून एकमेकांची जात काढतात आणि प्रकरण लाथेवर जाते. कालिदासाच्या शाकुंतलातील सहाव्या अंकाच्या आरंभीचा प्रवेश तर आम्ही वर्गात कितीदा सांगितला असेल! आमच्या जिल्ह्यात शकुंतला म्हटले की पोरांस मूर्तिजापूर-यवतमाळ धावणारी लहान गाडीच आठवे. त्या दोन्ही शकुंतलांत उशिरा पोहोचणे हा गुण समान आहे, असे आम्ही म्हटले की वर्ग हसे आणि मग कथेकडे कान देई. कोळ्याला माशाच्या पोटात राजाची मुद्रिका सापडते. सूचक आणि जानुक हे शिपाई त्याला चोर ठरवून बांधून आणतात, मारतात, त्याला वधस्थानी नेण्यास त्यांचे हात शिवशिवतात. इतक्यात राजाकडून मुद्रिकेच्या मोलाचे बक्षीस येते. कोळी त्यातले अर्धे शिपायांस देतो आणि क्षणापूर्वीचे हे यमदूत त्याचे जिवलग मित्र होऊन त्याच्यासह मद्याच्या दुकानाकडे चालू लागतात. येथे वर्ग हमखास हसे, आणि वर्गापूर्वी आम्ही हसत असू.

माजघरातील हशा ओसरला तेव्हा मुलांनी नेहमीचा आग्रह धरला, 'आजोबा, आता घंटेची गोष्ट.' ही गोष्ट आमच्या घरात चाळीस वर्षे चालत आलेली आहे. ती आम्ही सांगितली, तशीच येथे सांगतो.

१९८४ साली आम्ही जिल्ह्याच्या पूर्व अंगास, वर्धा नदीच्या अलीकडील एका गावी शाळेत शिक्षक होतो. वय पंचविशीचे. शाळेसमोर कडुलिंबाचे झाड होते आणि त्याच्या फांदीस पितळेची एक जड घंटा टांगलेली असे. गावातील एका गृहस्थांनी ती आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ दिली होती आणि तसे तिच्यावर कोरले होते. पोळा आणि पोळ्याची कर अशी दोन दिवस सुटी झाली. तिसऱ्या दिवशी येऊन पाहतो तो फांदी मोकळी.

पोलीसपाटलांनी चौकीत वर्दी दिली. दुसऱ्या दिवशी हवालदारसाहेब सायकलवरून आले. पाटलांच्या ओसरीवर चहा झाला, फराळ झाला, पान झाले. शाळा तेथून दोनशे पावलांवर होती. पण ऊन फार होते. पाटील आणि आम्ही असे दोन पंच ठरलो. सह्या झाल्या, हवालदार सायकलवर बसून गेले.

पुढे गणपती बसले. चौकीतही दरवर्षी बसत. पाचव्या दिवशी आम्हांस तेथून निरोप आला की, गुरुजींनी येऊन अथर्वशीर्ष म्हणावे. आम्ही सोवळे-उपरणे घेऊन गेलो. आवर्तने झाली, आरती सुरू झाली आणि एक तरुण शिपाई मोठ्या भक्तिभावाने घंटा बडवू लागला. त्या नादाने आम्ही चमकलो. रोज सकाळी अकरा वाजता ज्या नादाने आमची पोरे धावत येत, तो नाद आम्ही झोपेतही ओळखला असता! आरतीचे तबक फिरताच आम्ही घंटा हाती घेऊन पाहिली. त्या गृहस्थांच्या वडिलांचे नाव तिच्यावर स्वच्छ होते. शिपाईबोवांनी पोळ्याच्या बंदोबस्तावरून परतताना 'गणपतीपुरती' म्हणून ती काढून आणली होती आणि कोणास सांगावयाचे विसरले होते.

आम्ही हवालदारांकडे पाहिले. त्यांनी घंटेकडे पाहिले, शिपायाकडे पाहिले, गणपतीकडे पाहिले आणि अत्यंत शांतपणे म्हणाले, "म्हंजे गुरुजी, मुद्देमाल आधीच जप्त झाला म्हना!"

पुढचा कळस असा की, कागद जुळविण्यासाठी त्यांनी पहिला पंचनामा काढून वाचला. त्यात लिहिले होते की, चोराने शाळेच्या उत्तरेकडील खिडकीचे गज वाकवून आत प्रवेश केला आणि घंटा लांबविली. घंटा बाहेर झाडावर. आणि शाळेच्या उत्तरेस खिडकीच नाही!

हे वाक्य आले की घरातील मंडळी पोट धरून हसतात. आमच्या घरी 'मुद्देमाल' हा शब्दच रूढ झाला आहे. आमचा चष्मा हरवावा, सारे घर शोधावे, आणि तो आमच्याच कपाळावर सापडावा, की नातवंडे ओरडतात, "मुद्देमाल आधीच जप्त!"

परवाही सारे हसले. पुतण्याची थोरली कन्या मात्र हसली नाही. ती अमरावतीस कायद्याचा अभ्यास करते. तिने विचारले, "आजोबा, पंचनाम्यात खिडकी होती, तर सही करताना तुम्हांला ती दिसली कशी नाही?"

चाळीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आम्ही म्हणालो, "बाळ, कागद कोरा होता."

"कोऱ्या कागदावर सही केलीत?"

केली होती. हवालदार म्हणाले होते, "गुरुजी, तुमी फक्त सही करा, मी मंग चौकीत बसून लिहून घेतो. तुमाले कायले तकलीफ?" त्या बिचाऱ्याकडे कितीतरी गावे होती, सायकल स्वतःची होती, कागदसुद्धा पदरचा होता. शाळेची वेळ होत आली होती. वर्गात सत्याची महती सांगणारे आम्ही, कागद कोरा आहे हे पाहून, खाली वळणदार अक्षरात नाव लिहून मोकळे झालो.

पोरीने दुसरा प्रश्न केला. "मग चोर म्हणून कोणाला धरले होते का?"

माजघरात एकदम शांतता झाली. धरले होते. ही गोष्ट सांगताना जो भाग आम्ही नेहमी गाळीत आलो तो आता सांगणे प्राप्त झाले. गावाबाहेर माळावर फासेपारध्यांची चार पाले होती. इंग्रजी अमदानीत १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारिला. पुढे पारध्यांचीही गणना त्यांत झाली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पण कागदावरील शिक्का पुसला तरी लोकांच्या मनातील पुसला गेला नाही. घंटा नाहीशी झाली तेव्हा गावात कोणीही पुरावा विचारला नाही. आम्हीही विचारला नाही. हवालदारांनी त्यातील एका तरुणास आणून चौकीच्या मागल्या खोलीत तीन दिवस बसवून ठेविले होते. अटक केलेल्या माणसास चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, असे आपल्या राज्यघटनेचे बावीसावे कलम सांगते. पण 'बसवून ठेवणे' ही अटक नव्हे असा चौकीचा अर्थ होता. रोजनाम्यात त्याची नोंदच नव्हती.

तात्पर्य, आम्ही पुढल्या खोलीत अथर्वशीर्ष म्हणत होतो, आरतीस घंटा वाजत होती, आणि ती घंटा चोरल्याबद्दल धरलेला मनुष्य भिंतीपलीकडे बसून ती ऐकत होता. त्याचा एक डोळा सुजलेला होता.

हवालदारांनी दुसरा कागद पुढे केला. यावर मात्र मजकूर होता: घंटा ओढ्याकाठी झुडुपात बेवारस आढळली. ते म्हणाले, "सही करा गुरुजी, याले आत्ता सोडून देतो." आम्ही क्षणभर थांबलो. मग ती खोटी सहीही केली. त्या वेळी ती दया वाटली. शिपायाची नोकरी वाचली, हवालदारांची अब्रू वाचली, पारधी सुटला. पण आज विचार करता वाटते की, आमची पहिली सही उघडकीस येऊ नये ही इच्छाही त्या दयेत मिसळलेली होती. तो तरुण बाहेर आला. आमच्यामुळे सुटलो असे समजून त्याने आमच्या पायांवर डोके ठेविले, आणि आम्ही त्याच्या हातावर प्रसादाचा मोदक ठेविला.

शाकुंतलातील कोळी त्या प्रवेशात हसत नाही, हे आम्ही वर्गात कधी सांगितले नव्हते. मार तो खातो आणि अर्धे बक्षीसही तोच देतो. हसणारे आपण, प्रेक्षक. पोलिसांच्या फजितीत बहुधा असेच असते. गांजा उंदरांनी खाल्ला हे ऐकून आपण हसतो. पण पुरावा नाहीसा झाला म्हणजे एक तर अपराधी सुटतो, नाहीतर निरपराध्यास आपले निर्दोषत्व सिद्ध करणे कठीण होते. पुण्यात १७९१ साली घाशीराम कोतवालाच्या कोठडीत तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि संतप्त जमावाने घाशीरामास दगडांनी ठेचून मारले, ही कथा आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कोंडलेले आपले होते म्हणून ते आपल्या लक्षात राहिले. माळावरचा पारधी कोंडला होता तेव्हा आम्ही मोदक वाटीत होतो.

दोष एकट्या हवालदाराचा असे आम्ही म्हणणार नाही. सर अँड्रू फ्रेझर यांच्या आयोगाने १९०३ च्या अहवालात पोलीस खात्याचे शिक्षण अपुरे, रचना सदोष आणि लौकिक लाचखाऊपणाचा असल्याचे स्पष्ट लिहिले होते. त्यास शंभरावर वर्षे झाली. नियम पुष्कळ सुधारले. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली अटकेच्या वेळी पाळावयाच्या गोष्टी घालून दिल्या: अटकेचा मेमो साक्षीदारासमक्ष लिहावा, नातलगास कळवावे, अंमलदाराच्या छातीवर नावाची पट्टी असावी. आणि १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करावयाचे आहे, असे आमच्या नातीने सांगितले. ज्या यंत्रावर ही मंडळी हसत बसली होती, तेच यंत्र आता पंच होणार! उत्तम झाले. परंतु यंत्रासमोरही खाली सही करणारा मनुष्य लागतोच, आणि त्यास शाळेची घाई असतेच.

रात्री पाने वाढली तेव्हा पोरीने तिसरा प्रश्न केला. "आजोबा, त्याचे नाव काय होते?"

आम्ही पुष्कळ आठवून पाहिले. घंटा देणाऱ्या गृहस्थांच्या वडिलांचे नाव अजून मुखोद्गत आहे. हवालदाराचे वाक्य अक्षरशः पाठ आहे. त्या तरुणाचे नाव आठवेना. खरे सांगावयाचे तर आम्ही ते त्या दिवशी विचारलेच नव्हते.

घंटेची गोष्ट यापुढे आमच्या घरी सांगितली जाईल ती सर्व भागांसह. वाचकांच्या घरीही अशा पोलिसांच्या गमतीच्या गोष्टी असतीलच. त्या अवश्य सांगाव्या आणि हसावेही. मागल्या खोलीत कोण बसले होते एवढे मात्र एकदा विचारावे. आणि घरातील ज्या कोणास पंच म्हणून बोलावणे येईल, त्याने ऊन कितीही असो, दोनशे पावले चालून जागा पाहावी आणि कागद वाचून मगच सही करावी.