फळी मारण्याआधी

मी प्लंबर आहे. १९९४ साली विक्रोळीत चुलत्यांच्या हाताखाली काम शिकलो आणि पुढची २५ वर्षे विटांच्या भिंती फोडल्या. नळ भिंतीत लपवायचा म्हणजे छिन्नी-हातोडीने चर पाडायचा, डायव्हर्टरची बॉडी त्यात बसवायची आणि वरून सिमेंट भरायचे. सिमेंट मोठे दयाळू असते. आपली पाव इंचाची चूक ते पोटात घालते.

२०१९ मध्ये एका हॉटेलच्या कामावर गेलो. तिथल्या न्हाणीघरांच्या भिंतीत वीटच नव्हती! पत्र्याचे उभे स्टड आणि त्यांवर जिप्समची हिरवी फळी. सोबत आयटीआय झालेला भाचा होता. मी बॉडी धरून अंदाजाने खुणा करू लागलो, तर तो म्हणाला, "मामा, खोक्यातला कागद आधी वाचू या."

मला राग आला. परंतु पोराचे खरे होते. बॉडीवरच्या प्लॅस्टिकच्या टोपीवर दोन रेघा असतात. टाइल्सचा दर्शनी भाग त्या दोन रेघांच्या मध्येच आला पाहिजे. त्याने मार्करने स्टडवरच हिशेब मांडला. साडेबारा मि.मी.च्या दोन फळ्या म्हणजे २५, चिकटवायचा मसाला ५, टाइल १०, एकूण ४०. मी एकच फळी धरली होती. तसेच बसवले असते तर बॉडी आत बुडाली असती आणि मूठ बसलीच नसती. मग दोन स्टडच्या मध्ये जाड प्लायची आडवी पट्टी मारून बॉडी तिच्यावर घट्ट कसली. मूठ रोज फिरणार, तेव्हा बॉडीला पाठीमागे आधार हवाच. नुसत्या पातळ फळीवर ती डुगडुगते. गरम डावीकडे, थंड उजवीकडे, हे मात्र विटांच्या भिंतीसारखेच.

सुपरवायझरला घाई होती. "सुतार खोळंबलाय, फळी मारून घ्या," असे तो म्हणाला. मी नाही म्हटले. विटांच्या भिंतीत गळती झाली तर प्लास्टरवर ओल दिसते. इथे पाणी आतल्या आत खाली उतरते आणि फळी भुसभुशीत होईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. म्हणून सगळी तोंडे प्लगने बंद केली, हातपंपाने ६ किलोचे प्रेशर चढवले आणि रात्रभर ठेवले.

सकाळी काटा ४ वर होता.

बॅटरी घेऊन प्रत्येक जोड पाहिला. गरम पाण्याच्या ब्रास एल्बोवर, पेचाच्या कडेला, पाण्याचा एक थेंब लोंबत होता. सुपरवायझर भाच्याकडे वळून म्हणाला, "नवा पोरगा! उद्यापासून याला आणू नका." भाचा खाली मान घालून उभा राहिला. तो माझ्याकडे पाहत नव्हता, त्याचेच मला जास्त लागले. कारण तो जोड माझा होता, आणि ते त्यालाही ठाऊक होते. एल्बोचे तोंड सरळ यावे म्हणून कसून झाल्यावर मी तो पाव फेरा उलटा फिरवला होता. टेफ्लॉन टेपचा जोड असा मागे फिरवला की पकड सुटते. सरळ करायचा तर पुढेच फिरवावा, नाहीतर उघडून नवी टेप गुंडाळावी. हे मी कितीतरी पोरांना शिकवले आहे.

बोलू की नको, असे क्षणभर वाटले. पंचवीस वर्षांचा मिस्त्री म्हणून माझी हजेरी भाच्याच्या दुप्पट होती. मग म्हणालो, "साहेब, तो जोड माझ्या हातचा आहे. पोराचे सगळे जोड कोरडे आहेत."

माझी एका दिवसाची हजेरी कापली गेली. जोड उघडला, जुनी टेप खरवडून काढली आणि एल्बो भाच्याच्या हाती दिला. त्याने पेच पुसला, टेप पेचाच्या दिशेने गुंडाळली आणि तोंड सरळ येताच थांबला. पुन्हा ६ किलो.

रात्री घरी त्याच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, त्याने यातले काहीच सांगितले नाही. पहाटे साडेपाचला चाळीच्या नळाला पाणी आले, आम्ही दोघांनी पिंप भरले आणि कामावर गेलो. काटा ६ वरच होता. सुताराने फळी मारली.