कार्ड सरकवणार कोण?

अहमदनगर जिल्हा वाचनालय १८३८ सालचं. वाचनाचा एवढा जुना वारसा असलेल्या या जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, तरी लोकांच्या तोंडी अजून नगरच आहे. इथल्याच एका तालुक्याच्या वाचनालयाचं संकेतस्थळ सुधारायचं ठरलं, त्या कामात मी होतो.

तिथला एक नेहमीचा वाचक जन्मांध आहे. पदवीचा अभ्यास करतो, संगणक एनव्हीडीएवर चालवतो. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं हे मोफत सॉफ्टवेअर ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं २००६ मध्ये लिहायला घेतलं. पुढे जेम्स तेह हा त्याचा अंध मित्रही सोबत आला.

त्या वाचकानं वाचनालयाची ग्रंथयादी उघडली. पडद्यावर स्वच्छ मराठी दिसत होती, कानांवर मात्र निरर्थक इंग्रजी अक्षरं पडत होती. यादी युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेली होती. अशा फाँटमध्ये आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरंच. देवनागरी हा त्यांच्यावरचा मुखवटा. सूचना स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये होत्या, तिथे तर एनव्हीडीए गप्पच. जी थोडी पानं युनिकोडमध्ये होती, त्यांच्या कोडमध्ये ‘भाषा मराठी’ ही छोटीशी खूण नव्हती. त्यामुळे इंग्रजी आवाज मराठी शब्दांशी झटापट करत राहिला.

हे सगळं दुरुस्त होण्यासारखं होतं. कामं वाटून घेण्यासाठी प्रकल्प व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर घेतलं. ‘करायचं’, ‘चालू’, ‘झालं’ असे तीन रकाने आणि प्रत्येक दुरुस्तीचं एक कार्ड. ग्रंथपाल मॅडमना ते लगेच पसंत पडलं. कोणाकडे काय अडलंय, हे फोन न करता कळू लागलं.

मग त्या वाचकानं विचारलं, “सर, हे कार्ड मी कसं सरकवू?”

माउसनं ओढल्याशिवाय कार्ड हलत नव्हतं. दुरुस्ती त्याच्यासाठी, पण ती झाली की नाही हे नोंदवणार डोळस माणसं! मला ते फार लागलं.

संकेतस्थळांच्या सुगम्यतेचे डब्ल्यूसीएजी हे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात की सगळं कीबोर्डनं करता आलं पाहिजे. ओढण्याला साध्या क्लिकचा पर्याय हवा, ही अट २०२३ च्या २.२ आवृत्तीत आली. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. सुगम्यतेचे किमान नियम ऐच्छिक नकोत, बंधनकारकच हवेत, असं सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात बजावलं. हे सगळं वाचनालयाच्या कार्यकारिणीपुढे मांडलं, पण बैठकीत पटलं ते त्या मुलाच्या प्रश्नामुळे.

ते सॉफ्टवेअर सोडलं. त्याऐवजी साधी यादी असलेलं दुसरं घेतलं: टॅब दाबत कामापर्यंत जायचं, बाणाच्या कळीनं स्थिती निवडायची. नियम असा ठरला की सुगम्यतेचं कुठलंही काम तोच बंद करेल.

याचा उपयोग पहिल्यापासून दिसला. जुनी यादी युनिकोडमध्ये आणताना काही नावांमधले रफार भलत्या अक्षरांवर गेले होते. नजर ते ओलांडून गेली; त्याच्या कानांनी पकडले. शोधाच्या चौकटीला नाव नव्हतं, म्हणून ‘झालं’ म्हटलेलं कामही त्यानं पुन्हा उघडलं.

सध्या नवीन पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर अडलंय. प्रत्येक चित्रामागे पर्यायी मजकूर म्हणून नुसतं ‘मुखपृष्ठ’ लिहिलेलं त्याला चालत नाही. पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव हवं. काम ‘चालू’मध्ये आहे, ग्रंथपाल मॅडमच्या नावावर.