उथळ पाण्यावरचं पोट

जुलैत बहारीनमधल्या अमवाज बेटांच्या दगडी बांधावर पक्षी बघायचे तर पहाटच गाठावी लागते. ऊन चढलं की पारा चाळिशी ओलांडतो, दगडाला हात लावता येत नाही आणि माणसं एसीत जाऊन बसतात. समुद्री बगळ्याला ती सोय नाही. त्याचं जेवण ओहोटीच्या हातात. ती भर दुपारी आली तर तोही भर दुपारी उतरतो, चोच अर्धवट उघडून गळ्याची कातडी थरथरवतो, अंगातली उष्णता बाहेर टाकतो आणि कामाला लागतो.

हाच बगळा मुंबईच्या आणि कोकणच्या किनाऱ्यावरही आहे. जात एक, पण काही पक्षी पांढरेशुभ्र तर काही पाटीसारखे काळपट, गळ्याशी पांढरा डाग असलेले. राखी बगळा एका जागी खिळून उभा राहतो. याचं तसं नाही. हा चालतो, थबकतो, मध्येच पंख अर्धे उघडून धावत सुटतो. पिवळं पाऊल पुढे टाकून तळाची वाळू ढवळतो. दडलेलं काही हललं की मान मागे दुमडते, डोकं किंचित पुढेमागे होतं आणि चोच पाण्यात जाते. वर येते तेव्हा बोटाएवढा मासा आडवा तडफडत असतो. बगळा त्याला चोचीतल्या चोचीत फिरवतो आणि डोक्याकडून गिळतो, म्हणजे परांचे काटे घशात अडकत नाहीत.

मला सगळ्यात नवल वाटतं ते डोक्याच्या त्या किंचित हालचालीचं. पाण्यातला मासा दिसतो तिथे नसतो. अगदी सरळ वरून पाहिलं तरी पाण्याची खोली खऱ्याच्या पाऊणपटच भासते, आणि नजर जितकी तिरकी तितकी फसगत मोठी. बगळा तर नेहमी तिरकाच बघतो. १९८७ साली कॅट्झिर आणि इंट्रेटर या संशोधकांनी नेमक्या याच जातीच्या बगळ्यांवर प्रयोग करून दाखवलं, की भासणाऱ्या आणि खऱ्या खोलीतला फरक जमेस धरूनच हा पक्षी चोच मारतो. आपण शाळेत अपवर्तनाचं सूत्र पाठ केलं. हा प्रत्येक घासाला ते सोडवतो, वारा पाणी हलवत असताना आणि डोळ्यांवर आखाताचं ऊन असताना.

बहारीनमधले इतर शिकारी वेगळ्या तऱ्हेचे. थंडीत आपल्या उजनीवर दिसणारी मोरघार इथे हवार बेटांवर घरटीही करते. उंचावरून पाय पुढे काढून ती पाण्यावर कोसळते आणि तळव्यांवरच्या काटेरी खवल्यांत निसटता मासा पकडून धरते. त्याच हवारला सोकोत्रा पाणकावळ्यांची जगातली एक फार मोठी वसाहत आहे. पण खोल पाण्यात बुड्या मारणारे हे पक्षी. बगळ्याला तळाला पाय टेकावे लागतात. गुडघाभर पाणी हेच त्याचं शेत.

आणि माणूस भराव घालतो तोही आधी तिथेच, कारण उथळ समुद्र बुजवायला सोपा. अमवाज बेटं अशीच उभी राहिली, मुहर्रकच्या ईशान्येला, समुद्रतळाची वाळू उपसून. बांधाच्या कपारींत लहान मासे वस्तीला आले आणि त्यांच्यामागे बगळे आले, हे मी रोज बघतो. पण तेवढ्याने भरपाई झाली, हे मला पटत नाही. बांधाची कडा म्हणजे एक रेघ. ओहोटीला उघडा पडणारा किनारा म्हणजे रुंद पट्टा. बहारीनमधलीच तुबलीची खाडी १९९७ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. तिथे कोकणातल्यासारखी तिवरं आहेत, हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, आणि तरीही भराव टाकून टाकून ती आक्रसली. हे वाचताना मुंबईकराला काही नवीन वाटायचं कारण नाही. सात बेटं जोडून झालेलं आपलं शहर, नंतर बॅकबेचा भराव. ठाणे खाडीला रामसरचा दर्जा मिळेपर्यंत २०२२ उजाडलं.

मी वाढलो ते घर भरावावर होतं, राहतो तेही भरावावर आहे. म्हणूनच उरलेल्या उथळ पाण्याबद्दल गप्प बसणं मला जमत नाही. किनाऱ्यालगतच्या नव्या वसाहतीचा नकाशा कुणी कौतुकाने दाखवला, की मी ओहोटीची रेषा कुठे आहे ते विचारतो. समोरचा बहुधा बोटीच्या धक्क्यावर बोट ठेवतो. मग मी त्याला बांधावर घेऊन जातो, बगळा दाखवतो आणि त्याच्या पायाशी पाणी किती आहे ते बघायला सांगतो.