वन्संच्या लंडनमधला जादा तास

एक तास फुकट मिळाला तर तुम्ही काय कराल? मला मिळाला, २०२२ च्या ३० ऑक्टोबरला, आणि तो मी घड्याळं लावण्यात घालवला!

वन्सं त्याच वर्षी मे महिन्यात लंडनला राहायला गेल्या. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं भाऊबीजेला त्यांच्याकडे, ब्रॉमलीला गेलो होतो. तिकडे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. म्हणजे रात्रीचे दोन वाजायच्या ऐवजी पुन्हा एकच वाजतो! मोबाइल आपले आपण बदलले. पण भिंतीवरचं, ओव्हनचं, गाडीतलं? ओव्हनचं बटण दाबलं तर तो शिट्ट्या मारायला लागला. गाडीच्या घड्याळापुढे तर यांनीही हात टेकले. "राहू दे," वन्सं म्हणाल्या, "मार्चमध्ये आपोआप बरोबर होईल."

हा उद्योग सुचला तरी कुणाला? ते ठिकाण जवळच निघालं, पेट्स वूड. तिथल्या झाडीतून विल्यम विलेट नावाचे घरबांधणी व्यावसायिक पहाटे घोड्यावरून फिरत. ऊन वर आलंय आणि घरोघरी पडदे ओढून माणसं झोपलेली, हे त्यांना खुपे. (आपल्या घरातलीही मंडळी त्यांनी पाहायला हवी होती!) १९०७ मध्ये स्वखर्चाने पुस्तिका छापून त्यांनी सुचवलं, की एप्रिलच्या चार रविवारी वीस-वीस मिनिटं घड्याळ पुढे करावं. चार वेळा! ते कुणी ऐकलं नाही हे बरंच झालं, बाई. १९१५ मध्ये ते वारले आणि पुढच्याच वर्षी युद्धात कोळसा वाचवायला सरकारने एक तासाची पद्धत सुरू केली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, आपल्याकडचीही घड्याळं तासभर पुढे होती.

रविवारी सकाळी आम्ही ते रान पाहायला गेलो. ओला पाचोळा तुडवत, साडी वर धरून चालले. मधोमध त्यांच्या स्मरणार्थ दगडी सूर्यघड्याळ आहे, तेही कायम उन्हाळ्याची वेळ दाखवणारं. जरा ऊन पडलं तेव्हा सावली पाहिली, तर ती आमच्या घड्याळाच्या पुढे तास-सव्वातास!

हसत घरी आलो आणि नेहमीप्रमाणे साडेतीनला वन्संनी सांगलीला फोन लावला. सासूबाई मधुमेहाची गोळी घेऊन दर रविवारी आठाच्या ठोक्याला फोनपाशी बसतात. लेकीशी बोलल्यावरच ताट घेतात. पलीकडून थोरल्या जाऊबाईंचाच आवाज आला, "अहो, नऊ वाजले! आईंना दरदरून घाम फुटलाय, आत्ताच साखर चारली." आमचे तर हातपायच गळाले. साडेपाच तासांचा फरक वन्संच्या ध्यानातच आला नव्हता. उन्हाळ्यातले साडेचारच डोक्यात.

थोड्या वेळाने सासूबाई स्वतः बोलल्या. "तुमच्या त्या सरकारला सांग, म्हाताऱ्या माणसाच्या जेवणाशी खेळू नका म्हणावं."

दुसऱ्याच दिवशी आम्ही बाजारातून एक साधं घड्याळ आणलं, सांगलीची वेळ लावून ओट्यावर टांगलं. त्याला हात लावायचा नाही, अशी वन्संनी घरात सगळ्यांना ताकीद दिली आहे.