नऊ नागरिकांचा निवाडा : मुंबई उच्च न्यायालयाच्या वास्तूत

चर्चगेट स्थानकातून निघून ओव्हल मैदानाच्या पश्चिम कडेला उभे राहिले की पूर्वेकडे मुंबईच्या जुन्या वैभवाची एक अखंड रांगच दृष्टीस पडते. राजाबाई मनोऱ्याच्या डाव्या हाताला काळसर दगडाची, उतरत्या छपरांची आणि उंच मध्य मनोऱ्याची जी भव्य इमारत दिसते, ती मुंबई उच्च न्यायालयाची. कर्नल जेम्स फुलर या लष्करी अभियंत्याने तिचा आराखडा केला. १८७१ मध्ये बांधकामास आरंभ झाला, १८७८ मध्ये ते पूर्ण झाले आणि पुढल्या वर्षाच्या जानेवारीपासून येथे न्यायदानाचे काम सुरू झाले. मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मैदानावर क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना मात्र त्याचे विशेष अप्रूप नाही. त्यांचा चेंडू आणि न्यायालयाची घाई या दोन्ही गोष्टी वर्षानुवर्षे शेजारी शेजारी चालत आल्या आहेत.

इमारतीच्या पश्चिम दर्शनी भागावर, दोन मनोऱ्यांच्या शिरोभागी, दोन स्त्रीमूर्ती आहेत. एक न्यायाची, दुसरी दयेची. खालून जाणाऱ्या वकिलांपैकी आणि पक्षकारांपैकी फार थोडे जण मान वर करून त्यांच्याकडे पाहतात. आत गेल्यावर खांबांवरील कोरीव काम थांबवून ठेवते. त्यात एक डोळा झाकलेले आणि हातात तराजू धरलेले माकड आहे, वकिलाच्या वेषातील कोल्हाही आहे. बांधकामाच्या वेळी कोणा कंत्राटदाराचे न्यायालयाशी वाजले आणि त्याने दगडातून आपला राग काढला, अशी आख्यायिका सांगितली जाते. खरेखोटे कसेही असो, न्यायालयाने ती शिल्पे काढून टाकली नाहीत, ही गोष्ट लक्षात राहण्याजोगी आहे.

ज्याला या वास्तूचा आत्मा पाहायचा आहे, त्याने ४६ क्रमांकाच्या मध्यवर्ती न्यायदालनापर्यंत जावे. एके काळी फौजदारी सत्रांचे मोठे खटले याच दालनात चालत. आज तेथे न्यायमूर्ती एकटे अथवा जोडीने बसतात. त्या काळी मात्र न्यायासनाच्या एका बाजूस आणखी नऊ माणसे बसलेली असत. ती कायदेपंडित नव्हती. कोणी व्यापारी, कोणी कंपनीतला अधिकारी, कोणी जहाजाच्या व्यवहारातला. या नऊ जणांना ज्यूरी म्हणत. कायदा काय आहे हे न्यायमूर्तींनी सांगायचे आणि घडले काय, आरोपी दोषी की निर्दोष, हे या नऊ जणांनी ठरवायचे, अशी कामाची वाटणी होती.

व्यापारी समाजाला पंच ही कल्पना मुळीच परकी नाही. बाजारात देण्याघेण्याचा तंटा उभा राहिला की महाजनांपुढे जाण्याची, चार जाणत्यांनी दोन्ही वह्या समोर ठेवून निकाल देण्याची रीत जुनी आहे. परंतु त्या पंचांना उभय पक्षांनी स्वीकारलेले असे आणि प्रश्न बहुधा पैशाचा असे. न्यायालयातील ज्यूरीपुढचा प्रश्न निराळा होता. समोरच्या अनोळखी माणसाचे स्वातंत्र्य, कधी त्याचे प्राण, आपल्या एका शब्दावर अवलंबून असत.

या कामासाठी हिंदी लोकांना लवकर बोलावले गेले नाही. १८२६ च्या कायद्याने त्यांना ज्यूरीत बसण्याची वाट मोकळी करून दिली, तरी ख्रिस्ती आरोपीचा निवाडा करण्याची मुभा त्यांना नव्हती. ही अट १८३२ च्या कायद्याने दूर झाली. पुढे १८६२ मध्ये उच्च न्यायालय स्थापन झाले, तेव्हा ज्यूरीची पद्धत त्याच्याकडे वारशाने आली.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत या सेवेचे सारे नियम नमूद आहेत आणि ते वाचताना त्या नागरिकाचा दिवस डोळ्यांसमोर उभा राहतो. यादीत नाव असलेल्या गृहस्थाच्या दारी समन्स येई. दुकान, पेढी, हंगाम, घरचे कार्य, सारे बाजूला ठेवून ठरल्या दिवशी हजर व्हावे लागे. सबळ कारणावाचून गैरहजर राहणाऱ्यास दंड होई. महत्त्वाच्या खटल्यांसाठी विशेष ज्यूरीची निराळी यादी असे आणि तीत नाव घालताना मालमत्ता, चारित्र्य व शिक्षण पाहिले जाई. आलेल्या लोकांतून चिठ्ठ्या टाकून नावे काढली जात. नाव पुकारले की सरकार पक्ष अथवा आरोपी त्यावर हरकत घेऊ शके. उच्च न्यायालयात कारण न देता प्रत्येक बाजूस आठ हरकतींची सवलत होती. अशा रीतीने नऊ जण निवडले गेले की ते आपल्यातून एक प्रमुख निवडीत आणि शपथ घेऊन स्थानापन्न होत. पुरावा संपला, दोन्ही बाजूंची भाषणे झाली, न्यायमूर्तींनी सारांश सांगितला की हे नऊ जण उठून आतल्या खोलीत जात. दार बंद होई. नवाचे एकमत झाले तर उत्तम. न झाल्यास निदान सहा जण एका बाजूस असावे लागत आणि न्यायमूर्तींना ते मत मान्य असावे लागे.

या नियमांत एक बारीक कलम होते. साक्षीची भाषा न समजणाऱ्या ज्यूररवर हरकत घेता येई, पण साक्षीचे भाषांतर होत असल्यास त्या भाषांतराची भाषा समजली तरी पुरे, असा त्याचा आशय होता. कागदावर हे कलम निरुपद्रवी दिसते. १९०८ च्या जुलै महिन्यात याच दालनात त्याची किंमत कळली.

लोकमान्य टिळकांवर ‘केसरी’तील ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांसाठी राजद्रोहाचा खटला भरला गेला. सुनावणी १३ जुलैला सुरू झाली. न्यायासनावर न्यायमूर्ती दिनशा दावर होते. १८९७ च्या खटल्यात याच दावरांनी वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी काम केले होते. काळाने दोघांना आता समोरासमोर आणले. विशेष ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी सद्गृहस्थ होते. विशेष ज्यूरी नेमल्यास युरोपीयांचे बहुमत होईल आणि मराठी लेखांचा निवाडा मराठी न जाणणारे लोक करतील, ही हरकत आरंभीच घेतली गेली होती. ती मान्य झाली नाही.

टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली. अनेक दिवसांत मिळून सुमारे एकवीस तास ते बोलले. त्या भाषणाचा मोठा भाग भाषांतराच्या चुका दाखवण्यात गेला. मूळ मराठी शब्दाची छटा काय, सरकारी भाषांतरात ती कशी बदलली, मराठी वाचकाच्या मनात तो शब्द काय अर्थ उठवतो, हे ते इंग्रजीतून नऊ जणांना समजावून सांगत होते. बँकेत अथवा पेढीवर काम केलेल्या कोणालाही यातील अडचण उमजेल. मूळ दस्तऐवज न वाचता केवळ उताऱ्यावर सही करण्याची पाळी आली, तर प्रामाणिक माणसाचाही हात अडखळतो. येथे तर एका माणसाच्या आयुष्यातील वर्षे पणाला लागली होती.

२२ जुलैच्या रात्री आठच्या सुमारास ज्यूरी विचारासाठी आत गेली. सव्वा तासाहून थोड्या अधिक वेळाने ती बाहेर आली. सात विरुद्ध दोन अशा मतांनी आरोपी दोषी. न्यायमूर्तींनी बहुमत मान्य केले आणि सहा वर्षे काळ्या पाण्याची व एक हजार रुपये दंडाची शिक्षा सुनावली. दुसऱ्या दिवशी टिळकांना बावन्न वर्षे पूर्ण होणार होती. शिक्षेची बातमी पसरताच शहर पेटले. गिरणी कामगारांनी वर्षाला एक याप्रमाणे सहा दिवस संप केला आणि कापडबाजारातील व्यापाऱ्यांनीही दुकाने बंद ठेवली.

अकरा वर्षांपूर्वी, १८९७ च्या खटल्यातही सहा युरोपीय आणि तीन हिंदी ज्यूरर होते आणि मते सहा विरुद्ध तीन अशी पडली होती. दोन्ही वेळा न्यायालयात जाहीर झाले ते केवळ आकडे. कोणी कोणते मत दिले, हे बंद दाराआड राहिले. परंतु दोन्ही वेळा आकड्यांची फाळणी ज्यूरीच्या घडणीशी तंतोतंत जुळली आणि लोकांनी त्यातून जो अर्थ काढायचा तो काढला. १९०८ च्या त्या दोन मतांनी शिक्षा टळली नाही. तरीही त्या खोलीत, सात प्रतिष्ठित माणसांसमोर, राजसत्तेच्या इच्छेविरुद्ध ‘नाही’ म्हणणे दोघांना भाग वाटले. दुसऱ्या दिवशी त्यांना याच शहरात आपापल्या व्यवहाराला जायचे होते. त्यांचे धैर्य मोजायला दुसरे माप नाही.

मध्यवर्ती दालनाबाहेर आज संगमरवरी फलक आहे. ज्यूरीच्या निर्णयानंतर टिळकांनी आपल्या निरपराधित्वाचा जो उच्चार केला, आणि माणसांच्या व राष्ट्रांच्या भवितव्यावर अधिक थोर शक्तीची सत्ता चालते असे जे सांगितले, ते शब्द त्यावर कोरलेले आहेत. १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. ज्या न्यायालयाने शिक्षा दिली, त्याच न्यायालयाने आरोपीचे शब्द आपल्या भिंतीवर बसवले.

फलक लागून तीनच वर्षे झाली असता मुंबईची ज्यूरी पुन्हा सर्वतोमुखी झाली. नौदलातील कमांडर नानावटी यांनी २७ एप्रिल १९५९ रोजी प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या. सत्र न्यायालयातील नऊ जणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने नानावटींना निर्दोष ठरवले. वृत्तपत्रांनी आणि जमावाने आपला कौल आधीच दिला होता. सत्र न्यायाधीशांना हा निर्णय पुराव्याला धरून वाटला नाही, म्हणून त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. ते याच वास्तूत आले. मार्च १९६० मध्ये उच्च न्यायालयाने नानावटींना दोषी ठरवून जन्मठेप दिली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मनोऱ्यांवरील दोन मूर्तींपैकी त्या आठ जणांची नजर दुसरीकडे अधिक वळली असावी. तथापि दया दाखवण्याचा अधिकार शेवटी राज्यपालांनी वापरला, १९६४ मध्ये.

या खटल्यामुळेच ज्यूरी बंद झाली, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. विधी आयोगाने १९५८ मध्येच, म्हणजे त्या गोळ्या झडण्याच्या आधी, ही पद्धत रद्द करण्याची शिफारस केली होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा उरली नाही आणि १ एप्रिल १९७४ पासून ती संहिता अमलात आली.

तरीही या इमारतीतून नागरिकांचा निवाडा पूर्णतः गेलेला नाही. १९३६ च्या पारशी विवाह व घटस्फोट कायद्यानुसार पारशी दांपत्यांच्या दाव्यात समाजातील प्रतिनिधी न्यायमूर्तींसमवेत बसतात आणि वस्तुस्थितीचा निर्णय देतात. त्यांची संख्या पूर्वी सात होती, १९८८ च्या दुरुस्तीनंतर ती पाच झाली. आपले कामधाम सोडून येणारी, दुसऱ्याच्या मोडत्या संसाराची कहाणी शांतपणे ऐकणारी ही पाच माणसे म्हणजे त्या जुन्या नवांचे शेवटचे वारसदार.

वांद्रे पूर्वेला उच्च न्यायालयाच्या नव्या संकुलाची पायाभरणी २०२४ मध्ये झाली आहे. पुढे कधी तरी न्यायदानाचा गजबजाट फोर्टमधून हलेल. तोवर कज्जाखटल्याच्या अथवा व्यापाराच्या कामासाठी फोर्टात येणाऱ्याने अर्धा तास अधिक राखून ठेवावा. दगडी जिना सावकाश चढून त्या फलकापाशी क्षणभर थांबावे. फलकावर टिळकांचे नाव आहे, ते योग्यच आहे. त्या रात्री विरुद्ध मत देणाऱ्या दोघांच्या मताची मात्र भिंतीवर कोठेही खूण नाही. परतताना ओव्हलवरून एकदा वर पाहावे. सायंकाळच्या उन्हात न्याय आणि दया अजून शेजारी शेजारी उभ्या दिसतात.