मधल्या दोन आळ्या

स्मरणिका हा शब्द कानी पडला की आमच्या काळजात आजही किंचित धडधड होते. सुवर्णमहोत्सव मंदिराचा असो वा शाळेचा, समिती स्थापन होते, जाहिराती गोळा होतात, लेख वेळेवर येत नाहीत आणि अखेर सारे गाडे येऊन थांबते ते धर्मगुरूंच्या दारात. २००९ साली आम्ही ज्या धर्मग्रामात सेवेस होतो तेथे असाच एक सुवर्णमहोत्सव आला. त्या स्मरणिकेच्या दोन पानांनी आम्हांस जे शिकविले ते येथे सांगावे असे बरेच दिवस मनात होते.

सेमिनरीत असताना आम्ही सायक्लोस्टाइलवर अंक काढीत असू. लोखंडी लेखणीने स्टेन्सिल कोरावयाचे, शाईने माखलेले हात जेवणापर्यंत निघावयाचे नाहीत. तेथे पारदर्शकतेचा प्रश्नच नव्हता. अक्षर उमटले तर उमटले, नाही तर नाही! पुढे नव्वदच्या दशकात छापखान्यांशी संबंध आला तेव्हा बटर पेपरवर काढलेला मजकूर, कात्री, डिंक आणि निगेटिव्ह हा व्यवहार आम्ही पाहिला. मजकुरामागे एखादे फिकट छायाचित्र हवे असेल तर कॅमेरावाला त्या चित्राला बारीक ठिपक्यांचा स्क्रीन लावून ते हलके करी. मग चित्राची फिल्म आणि मजकुराची फिल्म एकामागून एक ठेवून एकाच प्लेटवर दोनदा प्रकाश पाडला जाई. काम वेळखाऊ होते, पण काय होणार हे करणाऱ्याला आधीच ठाऊक असे.

संगणकाने हे सारे एका बटणावर आणून ठेवले. पेजमेकर होते तोवर तशी सोय नव्हती. २००२ साली आलेल्या इनडिझाइनच्या दुसऱ्या आवृत्तीपासून मात्र कोणतीही वस्तू अर्धपारदर्शक करणे, तिची मऊ सावली पाडणे, एका चित्रात दुसरे विरघळविणे हे चुटकीसरशी होऊ लागले. आमच्या धर्मग्रामातील एक महाविद्यालयीन तरुण या विद्येत पारंगत होता. मुलगा गुणी, कष्टाळू. परीक्षा तोंडावर असतानाही रात्री बारापर्यंत कार्यालयात बसे. त्याच्या कामावर आम्ही इतके भाळलो की शीर्षकाला सावली, चौकटीला सावली, आमच्या स्वतःच्या छायाचित्रालाही सावली! आता ती स्मरणिका उघडली की आमचे आम्हांलाच हसू येते.

सर्वांत मोलाची होती मधली जोडपाने. पन्नास वर्षांत देवाघरी गेलेल्या धर्मग्रामस्थांची नावे आळीवार लावावयाची होती. दप्तरातून ती नावे आम्ही स्वतः उतरवून घेतली होती, घरोघर जाऊन तपासली होती. त्या नावांमागे जुन्या, आता पाडल्या गेलेल्या मंदिराचे फिकट छायाचित्र असावे ही कल्पनाही आमचीच. पडद्यावर पान पाहिले तेव्हा खरोखर डोळे भरून आले. धुक्यातून दिसावे तसे ते कौलारू मंदिर आणि त्यावर आपल्या माणसांची नावे.

प्रती आल्या. प्रकाशन झाले. आणि दुसऱ्या दिवशी मिस्सानंतर एक वृद्ध गृहस्थ सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन उभे राहिले. पूर्वी ते रंगारी होते. मंदिराच्या खिडक्यांना तीस वर्षे त्यांनीच रंग दिला होता. त्यांनी स्मरणिका उघडून बोट ठेवले.

“फादर, एक विचारू? आमच्या बाबांचं नाव असं बारीक का छापलंय?”

आम्ही पाहिले आणि मनात चर्र झाले. पानांवरच्या एकूण सहा आळ्यांपैकी मधल्या दोन आळ्यांची नावे ठळक, जाडसर होती. बाकीच्या चार आळ्यांची नावे नाजूक, नेहमीच्या वळणाची. जणू कोणी मुद्दाम दोन आळ्यांतील मृतांस मोठा मान दिला होता. त्यातच दैवदुर्विलास असा की समितीचे अध्यक्ष त्या दोन आळ्यांपैकी एकीतच राहात! सायंकाळपर्यंत ही गोष्ट साऱ्या गावात झाली. ज्यांनी देणग्या जास्त दिल्या त्यांची नावे जाड, असा अर्थ लावला गेला. एका बाईंनी तर आम्हांस तोंडावर विचारले, “मेल्यावरसुद्धा पैसे बघता का, फादर?”

या प्रश्नाला उत्तर देणे आम्हांस जमले नाही. यंत्राने असे केले, हे सांगितले तर कोण विश्वास ठेवणार? तरुण तर रडकुंडीस आला होता. त्याने दोन्ही जागी एकच अक्षरमुद्रा, एकच आकार वापरला होता आणि पडद्यावर तो आम्हांस दाखवीतही होता. पडद्यावर साऱ्या आळ्या सारख्याच होत्या.

दोष कोठे होता ते शोधण्यास आम्हांस दोन आठवडे लागले. जे समजले ते असे. छपाईची यंत्रे ज्या भाषेत पान समजून घेतात ती पोस्टस्क्रिप्ट नावाची भाषा १९८४ साली आली. तिच्यात पारदर्शकता ही संकल्पनाच नाही. जो रंग नंतर येतो तो खालचा रंग पूर्ण झाकतो, एवढेच तिला ठाऊक. मग पडद्यावर दिसणारी अर्धपारदर्शक वस्तू छापावयाची कशी? तर छापण्यापूर्वी पान सपाट करावे लागते. छपाईच्या धंद्यात याला फ्लॅटनिंग म्हणतात. जेथे जेथे पारदर्शक वस्तू दुसऱ्या वस्तूवर येते तेथे संगणक त्या जागेचे लहान लहान तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्याचा मिसळून येणारा रंग काढतो आणि तो तुकडा अपारदर्शक करून पानात बसवितो. काही तुकडे रेषांचे राहतात, काहींचे ठिपक्यांचे चित्र होते. पारदर्शक वस्तूखाली सापडलेले अक्षर मग अक्षर राहात नाही. त्याची एक तर बाह्यरेषा होते किंवा चित्र होते. अक्षर कमी ठिपक्यांवरही नीट उमटावे म्हणून अक्षरमुद्रेत जी बारीक सूचना भरलेली असते ती गळून पडते आणि अक्षर जाड दिसू लागते. मोठ्या ऑफसेट प्लेटवर हा फरक डोळ्यांना फारसा जाणवत नाही. आमच्या पाचशेच प्रती होत्या, आतील पाने डिजिटल यंत्रावर निघाली होती. तेथे तो लपला नाही.

आमच्या पानात छायाचित्र नावांच्या मागे नव्हते. तरुणाने ते नावांच्या वर ठेवून मल्टिप्लाय केले होते. तसे केले की काळी अक्षरे चित्रातून जशीच्या तशी दिसतात, म्हणून कोणाच्याच लक्षात आले नाही. चित्राची रुंदी नेमकी मधल्या दोन आळ्यांएवढी. त्यातच पीडीएफ करताना फ्लॅटनिंगची पातळी ‘लो’ राहून गेली होती. ती घरच्या प्रिंटरवर कच्ची प्रत काढण्यासाठी असते. छपाईसाठी ‘हाय’ घ्यावी लागते. तिच्यात रेषा व अक्षरे १२०० पीपीआयने आणि रंगाच्या चढउताराच्या जागा ३०० पीपीआयने होतात.

रंगारी बाबांच्या घरी आम्ही मुद्दाम गेलो. पोस्टस्क्रिप्टचे नाव काढले नाही. त्यांना विचारले, “बाबा, पिवळ्या भिंतीवर पातळ निळा हात दिला तर काय दिसेल?”

“हिरवट.”

“आणि रंग पातळ करायला मनाई असेल तर? नुसता घट्ट ऑइल पेंट. तरी हिरवट दिसायलाच हवं.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. “मग हिरवा वेगळा घोटून तेवढाच भाग रंगवावा लागेल. कडा सांभाळून.”

“आणि त्या भागात आधी कोणी नाव लिहिलं असेल तर?”

“ते मला पुन्हा काढावं लागेल. माझ्या ब्रशनं. जाडच येणार ते.” एवढे बोलून ते स्वतःच हसले. सॅक्रिस्टीच्या दाराशी आले होते त्या दिवसानंतर प्रथमच आम्ही त्यांना हसताना पाहिले. त्यांनीच मग आळीतल्या चारचौघांना हे समजावले, आणि आमच्यापेक्षा चांगले समजावले असावे, कारण बोलणी थांबली.

जोडपाने आम्ही पुन्हा छापून घेतली. खर्च समितीवर टाकणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही. या वेळी छायाचित्र सर्वांत खालच्या लेयरवर आणि नावे सर्वांत वरच्या, स्वतंत्र लेयरवर. वर असलेल्या अक्षराला खालच्या पारदर्शकतेची बाधा होत नाही. इतका साधा उपाय! शीर्षकाची सावलीही काढून टाकली. इनडिझाइनमध्ये फ्लॅटनर प्रिव्ह्यू नावाची सोय आहे. कोणकोणत्या वस्तू कापल्या जाणार त्या तेथे लाल रंगात उजळून दिसतात. ती आधी पाहिली असती तर मधल्या दोन आळ्या लालभडक दिसल्या असत्या.

मुखपृष्ठाची हकिगत वेगळी. ते ऑफसेटवर होते, चार रंग आणि पाचवी सोनेरी शाई. सोनेरी पट्ट्यावर शीर्षकाची सावली पडत होती आणि कच्च्या प्रतीत त्या सावलीभोवती पांढरी चौकट उमटली. सावली सोनेरी शाईवर मिसळण्यासाठी ओव्हरप्रिंटवर अवलंबून असते. जे यंत्र वा जो पडदा ओव्हरप्रिंट मानत नाही तेथे खालचे सोने खरवडल्यासारखे दिसते. पडद्यावर ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू चालू केले की चौकट नाहीशी होई, पण छापखान्याचे यंत्र तो मानील की नाही याची खात्री कोणी देईना. आम्ही सावलीच रद्द केली. वैशिष्ट्यपूर्ण शाई आणि पारदर्शकता यांची गाठ शक्यतो घालू नये, असे आमचे तेव्हापासून मत झाले आहे.

एका गोष्टीस मात्र आम्ही उगाच घाबरलो होतो. सपाट केलेल्या पीडीएफमध्ये मंदिराच्या चित्रावर केसाएवढ्या पांढऱ्या रेघा दिसत होत्या, भिंतीला तडे गेल्यासारख्या. पान कितीही मोठे करून पाहिले तरी रेघ तेवढीच बारीक राही. अशी रेघ बहुधा पडद्याचीच असते. तुकड्यांच्या कडा मऊ करून दाखविताना ती उमटते. कागदावर ती आली नाही. रेघ पानाबरोबर जाड होऊ लागली तर ती खरी समजावी.

काळ्या मजकुराबद्दलही एक सांगतो. पारदर्शक वस्तू असलेल्या जोडपानांवर रंग कोणत्या पद्धतीने मिसळावयाचे, आरजीबी की सीएमवायके, हे एकदाच ठरते आणि ते त्या जोडीतील साऱ्या वस्तूंना लागू होते. छपाईच्या कामात तेथे सीएमवायके हवे. आरजीबी राहिले तर निव्वळ काळा मजकूर चार शायांचा होऊन बसण्याची भीती, आणि चार प्लेटा केसभर सरकल्या की बारीक देवनागरीच्या अनुस्वाराभोवती रंगीत कडा उमटते. मराठी वाचणाऱ्याला हे फार खुपते, कारण आपल्या लिपीत ठिपक्यावर अर्थ लटकलेला असतो.

आता काळ पुष्कळ बदलला आहे. २००१ सालच्या पीडीएफ १.४ पासून पारदर्शकता जिवंत ठेवून फाइल करता येऊ लागली होती, परंतु छापखान्यांतील रिप जुने असत आणि ते पीडीएफ एक्स-१ए मागत. त्या प्रमाणात पारदर्शकतेला मज्जाव असल्याने फाइल देणाऱ्यानेच सपाट करून द्यावे लागे. २००६ नंतर पारदर्शकता थेट समजणारी यंत्रणा रिपमध्ये येऊ लागली आणि २००८ साली पीडीएफ एक्स-४ हे प्रमाण निघाले. त्यात पारदर्शकता तशीच पाठविता येते आणि कापाकापी शेवटच्या क्षणी, यंत्राच्या खऱ्या क्षमतेनुसार होते. हे कितीतरी बरे. तरीही कोणता छापखाना काय घेतो हे आधी विचारून घ्यावे. आम्ही विचारले नव्हते. यंत्र जुने होते हे खरे, पण फोन करावयास आम्हांस कोणी अडविले नव्हते.

तो तरुण आज परदेशी असतो आणि पुस्तकांच्या मांडणीचेच काम करतो. त्या वेळी गावात त्याच्याविषयी जे बोलले गेले ते त्याने मनावर घेतले होते. तीन महिने तो गायकवृंदात आला नाही. नजर चुकवी. चूक आमच्या घाईची होती हे आम्ही प्रवचनपीठावरून सांगावयास हवे होते. आम्ही ते केवळ समितीच्या बैठकीत सांगितले.

रंगारी बाबा २०१४ साली निवर्तले. सध्या आमच्या नव्या धर्मग्रामात नोव्हेंबर महिन्यासाठी दिवंगतांच्या नावांची एक पुस्तिका सिद्ध होत आहे. छापखान्याने एक्स-४ चालेल असे कळविले आहे. तरी नावे आम्ही वरच्याच लेयरवर ठेवली आहेत, मागे चित्र ठेवलेले नाही, आणि छापील नमुना गुरुवारी यावयाचा आहे. त्यातील एकेक नाव भिंगाखाली पाहिल्याशिवाय छापू नका असे सांगून ठेवले आहे.